डांगाण : पाऊस माथ्यावर, पाणी पायथ्याला

अकोले तालुक्याच्या पूर्वेकडचा शेतकरी आणि पश्चिमेकडचा शेतकरी पावसाबद्दल बोलू लागले, की दोघं एकाच तालुक्यात राहतात हे खरं वाटत नाही. अकोले गावात वर्षाकाठी जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस होतो. बाजरी, कांदा, टोमॅटो आणि कालव्याच्या भरवशावरचा ऊस ही तिथली शेती. तिथून राजूर, शेंडी करत सह्याद्रीच्या धारेवरच्या घाटघरला पोहोचायला ५०-६० किलोमीटरचा रस्ता, पण तेवढ्यात पाऊस जवळजवळ दहापट झालेला असतो. घाटघर, रतनवाडी, साम्रद या पट्ट्यात पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण चेरापुंजी घाटघरच राहिली. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणकड्यांना धडकतात, उंच चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. धार ओलांडून पूर्वेला उतरताना त्यांच्याजवळ फारसं काही उरत नाही.

या पश्चिम पट्ट्याला डांगाण म्हणतात. उत्तरेला कळसूबाईची रांग, १६४६ मीटरचं राज्यातलं सर्वोच्च शिखर तिच्यातच. दक्षिणेला हरिश्चंद्रगड. मधे रतनगड, आणि त्याच्या कुशीतून निघालेली प्रवरा. हरिश्चंद्रगडाच्या बाजूची मुळा, पट्टा किल्ल्याच्या रांगेकडची आढळा. तीन नद्यांचं हे माहेर. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची, ठाकरांची, आणि गावं म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. याच वाड्यांमध्ये मार्च सरता सरता पाण्याची ओढ सुरू होते आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. जिथे दहापट पाऊस पडतो तिथे टँकर यावा, हे इतकी वर्षं इतकं नेहमीचं झालं आहे की त्याची बातमीही आतल्या पानावर येते. मला ते नेहमीचं वाटत नाही. इथला पाऊस कुठे जातो, कसा जातो आणि कुणाच्या कामी येतो, हे नीट पाहिल्याशिवाय डांगाण समजत नाही.

पहिलं कारण दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांचा सह्याद्री झाला. कळसूबाईच्या वाटेवरून समोरच्या डोंगराकडे पाहिलं तर ते थर आडव्या पट्ट्यांसारखे मोजता येतात. अखंड काळ्या कातळात पाणी शिरत नाही. ते शिरतं भेगांमधून, सच्छिद्र दगडातून, झिजलेल्या मुरमातून. आणि खालचा घट्ट थर लागला, की आडवं वाहत जाऊन डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. दोन थरांच्या मधे पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तिथेच बहुधा झरे असतात. वाड्या वसल्या त्या या झऱ्यांच्या आधारानं. पण या दगडाची साठवण मुळात थोडी आणि उतार तीव्र. ऑगस्टमध्ये ज्या ओढ्याचा आवाज घरात बोलू देत नाही, तो डिसेंबरात धारेवर येतो, फेब्रुवारीत ठिबकतो, एप्रिलात थांबतो.

उन्हाळ्यातला झिरा एकदा तरी जवळून पाहायला हवा. ओढ्याच्या कोरड्या पात्रात, दगड बाजूला सारून केलेला हातभर खोल खड्डा. तळाशी गढूळ ओल. बाई खड्ड्याच्या काठावर बसते, वाटीनं वरचं पाणी काढून टाकते, मग थांबते. बाजूच्या फटीतून पाणी पाझरून तळाशी येतं. वाटी तिरकी धरून, तळ ढवळणार नाही अशा बेतानं ती ते उचलते आणि फडकं बांधलेल्या हंड्यात ओतते. दहा-बारा वाट्या झाल्या की पुन्हा थांबायचं. मागे आणखी हंडे रांगेत असतात. कुणाचा हंडा कुणाच्या आधी, हे ठरलेलं असतं आणि त्यावरून भांडणं होत नाहीत असं नाही. रात्री झिरा जास्त भरतो म्हणून पहाटे तीनला उठून येणाऱ्या बायका आहेत. पाण्याच्या हिशेबात त्यांच्या झोपेची नोंद कुठेच होत नाही.

आता मान वर करून गडाकडे पाहायचं. हरिश्चंद्रगडावर, रतनगडावर, अलंग-कुलंगवर कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत आणि त्यांतली अनेक भर मे महिन्यात भरलेली असतात. गड चढून गेलेला माणूस तहानलेला पोहोचतो आणि टाक्यातलं गार पाणी पितो. त्याच गडाच्या पायथ्याची वाडी मात्र कोरडी असते. ज्यांनी ही टाकी खोदली त्यांना दगड कळत होता. भेगा नसलेला कातळ निवडायचा, पाझर आणि उतारावरचं पाणी चर खोदून आत वळवायचं, शक्य तिथे कातळाच्या पोटात शिरून खांब सोडायचे म्हणजे वर छत राहतं आणि ऊन पाण्याला लागत नाही. अशा टाक्यांना खांबटाकी म्हणतात. हे सगळं छिन्नी-हातोड्यानं, चार-साडेचार हजार फुटांवर. या टाक्यांकडे आपण पुरातन वास्तू म्हणून पाहतो. मला ती डांगाणातली सगळ्यांत यशस्वी पाणीयोजना वाटते. तिच्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

पावसाच्या या माऱ्यात शेती करायची म्हणजे वेगळीच विद्या लागते. भाताची तयारी पाऊस यायच्या कितीतरी आधी, माघ-फाल्गुनातच सुरू होते. ज्या तुकड्यात रोपं तयार करायची तिथे शेणाचा थर, त्यावर झाडांची छाटलेली टहाळं, त्यावर पाचोळा आणि गवत, वरून माती असा राब रचायचा. तो वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळला की वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं पेटवायचा. भडका होऊ द्यायचा नाही, आग धुमसत जमिनीत उतरली पाहिजे. त्यानं तणाचं बी जळतं आणि राख रोपांच्या मुळाशी राहते. राब भाजल्याचा धूर दरीत खाली बसतो तेव्हा पाऊस महिन्यावर आलेला असतो. मृगाच्या सरींवर बी टाकायचं, तीन-साडेतीन आठवड्यांत रोपं उपटणीला येतात, मग आषाढातल्या मुसळधार पावसात आवणी. डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद, पाय गुडघाभर चिखलात, कमरेतून वाकलेल्या बायका मागे मागे सरकत रोपं लावत जातात. आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या, अशी सावड असते. पैशानं मजूर लावून आवणी उरकणं इथल्या छोट्या खाचरांना परवडणारं नाही. खाचरांच्या वरच्या, माती पातळ असलेल्या उतारावर नागली, वरई आणि खुरासणी. भात विकायचा थोडा, खायचा जास्त.

या शेतीला बैलही तसाच हवा. डांगी जनावर हे या भागाचं भूषण आहे. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस ठिपके-चट्टे. त्यांवरून पारा, बहाळा, मणेरी, लाल अशी नावं. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे दिवसचे दिवस पावसात उभं राहूनही अंगात पाणी मुरत नाही. खूर काळे आणि कणखर, चिखलात कुजत नाहीत, दगडावर झिजत नाहीत. दूध बेताचं, पण जिथे जर्सी गाय पहिल्याच झडीत आजारी पडेल तिथे डांगी गाय दिवसभर डोंगरात चरून संध्याकाळी स्वतःहून गोठ्यात येते. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं तेव्हा आपली गाय घेऊन आलेला गडी राजूरच्या प्रसिद्ध पेढ्यांच्या दुकानासमोरूनही तिला अशा ऐटीत नेतो, की गर्दी आपोआप वाट देते. पण ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर खाचरात उतरले, चराईची रानं आक्रसली आणि बैल पाळणं जड जाऊ लागलं. डांगी वाचवायचा असेल तर बक्षिसं वाटण्याइतकीच चराईच्या रानांची आणि उन्हाळ्यातल्या पाण्याची काळजी करावी लागेल. उन्हाळ्यात माणसासाठी टँकर येतो, गुरांसाठी क्वचितच.

डांगाण म्हणजे जगाच्या एका कोपऱ्यात पडलेला मुलूख, असा समज शहरात असतो. इतिहास तसं सांगत नाही. कोकणातून घाटावर येणाऱ्या वाटा इथून चढत होत्या आणि त्या वाटांवर नजर ठेवायला गड होते. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ या वाटांवरच्या संपन्नतेची साक्ष आहे. प्रवरेच्या उगमाशी, पावसाच्या ऐन माऱ्यात, इतकी नाजूक कोरीव जाळी आणि शिखर कुणी उभारलं असेल तर त्याच्याजवळ पैसा, कारागीर आणि निवांतपणा तिन्ही होतं. हरिश्चंद्रगडावर चांगदेवांनी शके १२३४ मध्ये, म्हणजे इ. स. १३१२ मध्ये, ‘तत्त्वसार’ ग्रंथ रचला. जालन्याच्या मोहिमेनंतर, १६७९ च्या अखेरीस, शिवाजी महाराज पट्टा किल्ल्यावर विश्रांतीला थांबले. तेव्हापासून त्याचं नाव विश्रामगड. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून समोरच्या धुक्यात पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध स्वतःची सावली पाहिली. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापला.

डोंगराची राखण करणारे होते महादेव कोळी नाईक. गडाची शिबंदी, घाटवाटांची चौकी, त्याबद्दल मिळणारे हक्क आणि नेमणुका यांवर त्यांची घरं चालत. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांनी दोन गोष्टी केल्या. गड निकामी करण्यासाठी सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या. अलंग आणि मदनवर जाताना आजही दोर लावावे लागतात ते त्यामुळे. आणि शिबंद्या मोडून नाईकांचे हक्क तोडले. शेतसारा रोखीत भरायचा झाला. रोख पैसा सावकाराकडे, आणि सावकाराकडे गेलेली जमीन परत येत नसे, कारण आता त्याच्या पाठीशी कोर्ट होतं. १८३० च्या सुमारास रामजी भांगरे आणि त्यांचे साथीदार उठले. ते बंड मोडणाऱ्यांतला एक अधिकारी कॅप्टन मॅकिंटॉश. त्यानं महादेव कोळ्यांवर सविस्तर लिहून ठेवलं आहे. मोडणाऱ्याच्या लेखणीतून आलेलं असूनही, त्या काळच्या डांगाणाची ती मोठी नोंद आहे.

रामजींचे चिरंजीव राघोजी. जन्म १८०५ चा, देवगावचा. १८४४-४५ मध्ये त्यांनी बंड उभारलं तेव्हा ते अकोल्यापासून पुणे, ठाणे, नाशिकच्या डोंगरांत पसरलं. सावकारांच्या घरांवर हल्ले झाले, सरकारनं बक्षीस लावलं, डोंगर पिंजून काढले, नातलगांना धरलं. राघोजी मात्र सापडेनात. गावोगावच्या चुलीवर त्यांची भाकरी होत होती आणि कुणी तोंड उघडत नव्हतं. अखेर जानेवारी १८४८ मध्ये पंढरपुरात लेफ्टनंट गेलनं त्यांना पकडलं आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. १८५७ त्यानंतर नऊ वर्षांनी आलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत राघोजींना एखादी ओळ मिळते. डांगाणात लग्नाच्या वरातीपासून ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत ते सगळीकडे आहेत. जमिनीचा, रानाचा आणि आपल्या वस्तूवर आपला अधिकार असण्याचा जो झगडा त्यांनी केला तो इथे मिटलेला नाही, म्हणून ते अजून जवळचे वाटतात.

इंग्रजांनी या डोंगरातला पाऊस मोजला आणि त्यांच्या लक्षात आलं की तो अडवला तर खालचा दुष्काळी मुलूख भिजेल. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळून निघाला होता. १९१० मध्ये शेंडीजवळ प्रवरेवर धरणाचं काम सुरू झालं. दगड आणि चुन्याची २७० फूट उंच भिंत उभी राहायला सोळा वर्षं लागली. १० डिसेंबर १९२६ ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. धरणाला त्यांचंच नाव दिलं. लोकांसाठी ते भंडारदरा. क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसी. त्या काळातल्या इंजिनिअरांचं आणि विशेषतः ज्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत त्या पाथरवटांचं हे काम थक्क करणारं आहे. जवळजवळ शंभर वर्षं झाली तरी धरण उभं आहे आणि बहुतेक वर्षी भरतं.

त्या पाण्यानं खालचं जग बदललं. संगमनेरपासून राहाता, श्रीरामपूर, राहुरीपर्यंत प्रवरा कालव्यांनी ऊस उभा केला. १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं, सहकारी साखर कारखाना सुरू केला. महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणाची, सहकाराची, शिक्षणसंस्थांची पुढची सगळी कथा तिथून सुरू होते, आणि ती कथा मोठीच आहे. तिच्या पहिल्या पानावर डांगाणातला पाऊस लिहिलेला नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. धरणात ज्यांची खाचरं बुडाली ती माणसं वरच्या उतारावर सरकली. सपाट, गाळाची, सगळ्यांत कसदार जमीन तळ्याखाली गेली आणि पाणी मिळालं नाही, कारण कालवा धरणाच्या खाली असतो आणि ती माणसं वर होती. उन्हाळ्यात जलाशयाच्या काठावरच्या वाड्यांना तळं रोज दिसतं. ते उचलून डोंगरावर न्यायला पंप हवा, वीज हवी, वीजबिल भरणारी ऐपत हवी.

पुढे प्रवरेवरच, त्याच तालुक्यात, निळवंडे धरण आलं. योजना १९७० सालची. जागा बदलल्या, खर्च आठ कोटींच्या आसपास होता तो पाच हजार कोटींवर गेला, आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ ला. लाभक्षेत्र नगर आणि नाशिक जिल्ह्यांतली १८२ गावं. ती गावंही तहानलेलीच होती आणि त्यांनी तीन पिढ्या वाट पाहिली; त्यांच्या वाट्याला पाणी आलं याचा आनंदच आहे. पण याही वेळी धरणाच्या वरच्यांचं जमिनीचं देणं चुकतं झालं आणि पाण्याचं घेणं बाकी राहिलं. त्यानंतर खाली मराठवाड्यातलं जायकवाडी धरण आहे. दुष्काळी वर्षात नगरच्या धरणांतून मराठवाड्याला किती पाणी सोडायचं, यावर दर दोन-तीन वर्षांनी वाद पेटतो, कोर्टात जातो, रस्ते अडवले जातात. दोन्ही बाजू आपापल्या परीनं खऱ्या आहेत. त्या वादात ‘वरचे’ म्हणजे नगरकर आणि ‘खालचे’ म्हणजे मराठवाडा. नगरकरांच्याही वर कुणी राहतं, याचा उल्लेख एकाही बाजूच्या निवेदनात सापडत नाही.

घाटघरला तर पाण्याचा याहून विलक्षण खेळ चालतो. कड्याच्या काठावर वरचं धरण, कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला खालचं धरण आणि मधे डोंगराच्या पोटात २५० मेगावॉटचं वीजघर. राज्यात विजेची मागणी वाढते त्या वेळी वरचं पाणी खाली सोडून वीज करायची, आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवायचं. २००८ पासून हे चालू आहे. तंत्र म्हणून ते उत्तम आहे, सौर आणि पवनऊर्जेच्या काळात अशा प्रकल्पांची गरज वाढणारच. पण त्याचा एक अर्थ असाही होतो, की पाणी शेकडो मीटर वर चढवण्याची विद्या, पैसा आणि वीज आपल्याकडे आहे, आणि ती घाटघरमध्येच आहे. कड्याखालच्या शहापुरातही तीच कहाणी: तानसा, वैतरणा, भातसा मुंबईची तहान भागवतात आणि तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात.

पाणी गेलं की माणसं जातात. भात झोडून कणगीत पडला, देवदिवाळी झाली, की वाड्या रिकाम्या होऊ लागतात. बरेच जण जुन्नर तालुक्यात नारायणगावला उतरतात. तिथे पहाटे मजुरांचा बाजार भरतो. टोमॅटो, द्राक्षं, कांदा यांच्या बागाईतदारांच्या गाड्या येऊन थांबतात, रोज ठरतो, आणि नवरा-बायको-पोरं गाडीत चढतात. कुणी रोज जाऊन-येऊन करतं, कुणी महिनोन्‌महिने तिथेच पालात राहतं. आपल्या डोंगरातून गेलेल्या पाण्यावर पिकणाऱ्या बागांमध्येही ही माणसं तण काढतात, ऊस लावतात. पोरांची शाळा अर्ध्यात तुटते. आश्रमशाळांनी पुष्कळ मुलं वाचवली हे खरं, पण मागे राहिलेलं आठ वर्षांचं पोर आणि त्याची म्हातारी आजी यांना घरी पाणी कोण आणून देतं, हा प्रश्न पुन्हा झिऱ्यापाशी येऊन थांबतो.

एप्रिल २०२३ मध्ये किसान सभेचा मोर्चा अकोल्याहून लोणीच्या दिशेनं निघाला. वनजमिनींचे पट्टे, दुधाला भाव, हिरड्याची खरेदी अशा मागण्या होत्या. रणरणत्या उन्हात लाल टोप्या घातलेली हजारो माणसं, त्यांत बायका खूप. लोणी गाठायच्या आतच मंत्र्यांनी येऊन बोलणी केली आणि मोर्चा थांबला. ती वाट नकाशावर काढून पाहिली तर प्रवरा ज्या खोऱ्यातून पाणी घेऊन उतरते त्याच खोऱ्यातून ही माणसं आपलं मागणं घेऊन उतरत होती.

डांगाणाची कथा फक्त काढून घेतलं जाण्याची आहे, असं मात्र मला लिहायचं नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. संकरित बियाण्यांचा भाजीपाला खाऊन घरातली पोरं आजारी पडतात असं त्यांना वाटलं आणि त्यांनी जुनी बियाणी गोळा करायला सुरुवात केली. वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार, भाताची गावठी वाणं, नागली, वरई, रानभाज्या. राखेत घोळून, मडक्यात भरून, शेणानं तोंड लिंपून ठेवायची पद्धत त्यांच्या आईच्या पिढीची. ‘बाएफ’ संस्थेनं साथ दिली, घरातच बियाणं बँक उभी राहिली, परिसरातल्या बायका जोडल्या गेल्या. २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचा गाभा मला असा दिसतो: बी विकत घ्यायचं नाही, उसनं न्यायचं आणि पीक आल्यावर दुप्पट आणून द्यायचं. काळभात किंवा रायभोग एखाद्या घरी संपला तरी गावात संपत नाही. बाजारात आज त्या तांदळाला सुवासामुळे चांगला भाव आहे, पण तो टिकला तो या उसनवारीनं.

अलीकडे दुसरी एक मिळकत आली आहे, पर्यटनाची. मे अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी, भंडारदऱ्याच्या परिसरात सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर लक्षावधी काजवे एकाच लयीत उजळतात आणि विझतात. ते पाहायला पुण्या-मुंबईहून गाड्यांची रांग लागते. तंबू, जेवण, वाटाड्या यांतून वाड्यांना चार पैसे मिळतात, आणि मिळायलाच हवेत. पण गाड्यांचे दिवे आणि मोबाईलचे झोत काजव्यांच्या मीलनात अडथळा आणतात. अंधार हेच त्यांचं घर. वनखात्यानं आता वेळेची बंधनं घातली आहेत. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर. काजव्यांच्या हंगामातच वाड्यांत पाण्याची सगळ्यांत जास्त टंचाई असते, आणि तंबूत उतरलेल्या पाहुण्याला आंघोळीला बादलीभर पाणी लागतं. ते पाणी कुणीतरी आणलेलं असतं.

आता टाक्यांकडे येतो, कारण इथे हिशेब मांडता येतो. पन्नास घरांची वाडी धरा, अडीचशे माणसं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस काढायचे तर लागतात साडेसोळा लाख लिटर. घरटी चार गुरं आणि गुराला रोज ४० लिटर धरलं तर आणखी साडेनऊ लाख. एकूण २६ लाख लिटर, म्हणजे २,६०० घनमीटर. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाक्यात हे मावतं. जागा नऊ गुंठे. आणि या पट्ट्यात पाऊस पडतो चार मीटर. म्हणजे डोंगरावरून एक ओंजळही वळवून आणली नाही, तरी फक्त वरच्या आभाळातून पडलेल्या पावसानं हे टाकं भरतं. बाष्पीभवनात मीटरभर जाईल म्हणून ते थोडं अधिक खोल करायचं, किंवा वरून झाकायचं. खांबटाकी कोरणाऱ्यांनी तेच केलं होतं. भंडारदऱ्याच्या एका भरणीतून अशा सुमारे एक लाख नव्वद हजार वाड्यांची चार महिन्यांची पिण्याच्या पाण्याची गरज भागली असती. एवढ्या वाड्या डांगाणात नाहीतच. वाटा मागायचा म्हटला तर तो इतका लहान आहे.

नळयोजना आल्या आहेत, गावोगाव टाक्या आणि तोट्या दिसतात. ज्या योजनांचा उद्भव झरा किंवा ओढ्याकाठची विहीर आहे, तिथे उद्भव आटला की तोटी कोरडी. तेव्हा आधी उद्भव हवा: झऱ्याच्या वरचं रान आणि उतार राखणं, जिथून पाणी मुरतं ती जागा ओळखून तिथे चर खोदणं, आणि घट्ट कातळ पाहून टाकी खोदणं. भूजलाच्या जाणकारानं थर पाहून जागा सांगायची आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी कुठला झरा किती महिने टिकतो ते सांगायचं, असं दोघांनी मिळून करायचं हे काम आहे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पश्चिम अकोल्यातली आदिवासी गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यानं गावातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन स्थानिक संस्थांकडे सोपवलं आहे. राज्याचे नियम २०१४ मध्ये झाले. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. आजवर त्यातून सभागृहं झाली, पेव्हर ब्लॉक बसले, सौरदिवे लागले. पहाटे तीनला झिऱ्यावर जाणाऱ्या बायकांना ग्रामसभेत खर्चाचा क्रम ठरवू द्यावा, आणि टाक्याची जागा वनखात्याच्या हद्दीत पडली तर ती परवानगी पावसाळ्यापूर्वी मिळवून देण्याची जबाबदारी तालुक्याच्या अधिकाऱ्यानं घ्यावी. कातळ फोडायचं काम करता येतं ते दिवाळीनंतर, भात निघाला की. नारायणगावची गाडी पकडण्याआधी वाडीतली माणसं तेव्हा घरीच असतात.